घरचा कॅम्पिंग ट्रेलर : प्लायवर फायबर लावायचं, तर एपॉक्सी की साधं रेझिन?

रानवाट_खानापूर
मंडळी नमस्कार. खानापूर-जांबोटी रस्त्याला आमचं शेत आहे. तिथल्या शेडमध्ये दोघांना झोपता येईल एवढा ट्रेलर बांधायला घेतलाय. टीयरड्रॉप म्हणतात तो आकार: पुढं गोल, मागं उतरता, मागचं झाकण उचललं की खाली स्वयंपाकाचा ओटा. ८ फूट लांब, ४ फूट रुंद, आत बसता येईल एवढी उंची. सांगाडा पाइनच्या पट्ट्यांचा, बाजू आणि छप्पर प्लायचं.

घोडं अडलंय ते बाहेरच्या फायबरवर, म्हणजे काचेचे धागे आणि ते घट्ट धरणारं रेझिन यांच्या थरावर. बेळगावातला एक फायबरवाला म्हणतो, "४५० ची मॅट दोन थर मारतो, वर जेलकोट, विषय संपला." (साधं म्हणजे पॉलिस्टर रेझिन; ४५० ची मॅट म्हणजे चौरस मीटरला ४५० ग्रॅमची, तुटक काचधाग्यांची चटई; जेलकोट म्हणजे वरचा गुळगुळीत थर.) बाहेरच्या देशातले लोक मात्र एपॉक्सी आणि पातळ काचकापड वापरताना दिसतात. एपॉक्सीचा खर्च दोन-तीन पट जातो. आमच्याकडचा पाऊस ठाऊक आहेच, आषाढात धुतलेली चादर चार दिवस दमट राहते. प्लाय १२ एमएम घ्यावा की ६? आणि श्रावण चालू आहे, आत्ता हात घालावा की थांबावं?

फायबर_अनगोळ
मी ह्याच धंद्यातला. बंपर, पाण्याच्या टाक्या, देवळाच्या कमानी, गणपतीच्या देखाव्याचं सामान, सगळं पॉलिस्टर रेझिनमध्येच करतोय. टाकी वर्षानुवर्षं पाणी धरून बसत्या, मग ट्रेलर कसा गळंल? एपॉक्सी म्हणजे पैसे जास्त झालेल्यांचं काम बगा. लवकर धरायला कोबाल्ट घाला, घट्ट व्हायला हार्डनर घाला, पाऊण तासात हात लावून बगता येतंय. कुणी सांगितलंय म्हणून उगंच खर्चात पडू नका.

वास्को_नोकरी
घर बेळगावात, नोकरी गोव्यात, बोटी बांधायच्या यार्डात. अनगोळच्या दादांचं चुकलेलं नाही, पण उदाहरण वेगळ्या वस्तूचं आहे. टाकी, बंपर किंवा ट्रॉलर साच्यात पडतात आणि पूर्ण फायबरचेच असतात. आत लाकूड नसतं, भार फायबरच घेतं. तिथं पॉलिस्टर आणि मॅटच योग्य. आमच्याकडंही तेच चालतं.

इथं फायबर म्हणजे प्लायवरची कातडी. प्लाय पाणी ओढतो, फुगतो, वाळतो, आकसतो. पॉलिस्टर घट्ट होताना बऱ्यापैकी आकसतं आणि लाकडाला धरूनही वरवरच राहतं. पहिली दोन-तीन वर्षं छान दिसेल. मग एखाद्या स्क्रूच्या भोकातून ओल आत गेली की मॅटचा पापुद्रा सुटायला लागतो, आणि तो सुटलाय हे वरून कळत नाही. जुन्या लाकडी होड्यांवर मॅट मारून आणलेल्या असतात, त्या उघडल्या की आत लाकडाचा भुगा. एपॉक्सी लाकडात मुरतं आणि फार कमी आकसतं. प्लायवर असेल तर एपॉक्सी, यात मला शंका नाही.

फायबर_अनगोळ
लाकडावर मारलेलं सुटतंय हे खरं हाय. दुकानाच्या फळ्यांचं बगितलंय मी. पण मग प्लाय कशाला? साचा करा, पूर्ण फायबरचंच काढा.

वास्को_नोकरी
दहा ट्रेलर करायचे असतील तर साचाच. एकासाठी साचा म्हणजे ट्रेलर दोनदा बांधणं.

हिशेबनीस_टिळकवाडी
वजनाचं कुणी बोललं नाही म्हणून मांडतो. दोन बाजू आणि छप्पर मिळून बाहेरचा पृष्ठभाग साधारण १०० चौरस फूट, म्हणजे ९.३ चौरस मीटर.

४५० च्या मॅटला तिच्या वजनाच्या दुपटीहून जास्त रेझिन लागतं. एका थराला चौरस मीटरमागं १.४ किलो धरा. दोन थर म्हणजे २६ किलो, जेलकोट वेगळा. २०० ग्रॅमचं विणलेलं काचकापड घेतलं तर कापड जवळपास २ किलो, ते भिजवायला तेवढंच एपॉक्सी, त्याआधी लाकडाला मुरवायचा हात सव्वा किलो, नंतर वीण बुजवायला दोन हात मिळून पावणेतीन किलो. सगळं मिळून आठ किलोच्या आत.

प्लायचंही तसंच. १२ च्या जागी ६ एमएम घेतला तर फक्त बाहेरच्या कातडीत ३५-४० किलो वाचतात. छोटी गाडी चोर्ल्याचा घाट चढताना हे कळेल, उतरताना जास्त कळेल.

खरेदीसाठी : वरचं ६ किलो एपॉक्सी, तळाला खालून दोन हात, कोपऱ्यांचं भरण आणि वाया जाणारं धरून हार्डनरसकट ९ किलो घ्या. कमी घेऊन मध्येच संपलं तर पुढचा डबा येईपर्यंत पहिला थर कडक होऊन बसेल.

लाकडी_साचा
उद्यमबागेत फौंड्रीच्या पॅटर्न शॉपमध्ये आयुष्य गेलं, आता निवृत्त. कास्टिंगचे लाकडी पॅटर्न, म्हणजे साचा उठवायचे नमुने, आम्ही सागवानात आणि पाइनमध्ये करायचो. पुढं एपॉक्सीचे पॅटर्न आले, त्यात ॲल्युमिनियमची पूड घालून ओतायचो. म्हणून ह्या मालाशी ओळख आहे. सावकाश लिहितो, वाचायचं तर वाचा.

पहिलं, प्लाय. ६ एमएम बास आहे, पण आयएस ७१० चा शिक्का बघून घ्या, तो बाजारात मरीन म्हणून मिळतो. आयएस ३०३ चा साधा वॉटरप्रूफ आत कपाटाला चालेल. कडेला बघा, आतल्या थरात पोकळी दिसली तर परत करा. त्या पोकळीत एपॉक्सी जात नाही, पाणी बरोबर जातं. पुढच्या गोलाईला ६ एमएम वळत नसेल तर ३-४ एमएमचे दोन थर एपॉक्सीनंच एकमेकांवर चिकटवा.

दुसरं, मॅट विसरा. मॅटचे तुकडे धरून ठेवायला जो गोंद असतो तो पॉलिस्टरमधल्या स्टायरीन नावाच्या पातळ द्रवात विरघळतो, म्हणून मॅट मऊ पडून बसते. एपॉक्सीत स्टायरीन नसतं. मॅट ताठच राहते, कोपऱ्याला उठते आणि रेझिन पीत सुटते. एपॉक्सीला विणलेलं कापडच हवं. नीट भिजलं की ते पारदर्शक होतं, खालची प्लायची रेघ दिसते. पांढरं दिसलं तिथं हवा आहे किंवा रेझिन कमी आहे.

तिसरं, आणि इथं फायबरवाल्या पोरांचा हात हमखास घसरतो : प्रमाण. पॉलिस्टरला हार्डनर एक-दोन टक्के, थंडीत जास्त घाला, उन्हात कमी घाला, चालून जातं. एपॉक्सीला असली मोकळीक नाही. एलवाय ५५६ ह्या रेझिनला एचवाय ९५१ हा हार्डनर, किंवा लापॉक्स एल-१२ ला के-६, दोन्हीकडं वजनानं १०० ला १०. हार्डनर दोन्ही भागांतला एक भाग आहे, घाई करायचं औषध नव्हे. जास्त घातलं तर लवकर होत नाही, कायमचं मऊ राहतं. आणि वजनानं म्हणजे वजनानंच, डोळ्याच्या अंदाजानं नाही. २०० ग्रॅमला २० ग्रॅम लागतं, त्यात दोन ग्रॅम इकडंतिकडं झालं की दहा टक्के गेले. स्वयंपाकघरातला काटा चालणार नाही, सोनाराकडं असतो तसला छोटा घ्या. हल्ली २ ला १ प्रमाणाचीही एपॉक्सी मिळतात. थोडी महाग, पण नवशिक्याला तीच बरी.

एका वेळी २०० ग्रॅमच्या वर कालवू नका. कालवलं की मग्यात ठेवू नका, रुंद ताटलीत ओता. घट्ट होताना ते तापतं आणि मग्यात उष्णता कोंडते. अर्धा किलोचा मग धुरावताना आणि प्लॅस्टिक वितळताना मी शॉपमध्ये पाहिलाय. असा मग हातात असेल तर बाहेर मातीवर ठेवून लांब व्हायचं.

निपाणी_नाका
काका, जरा थांबा. आमच्यासारख्यांनी काय करायचं? मला तर कॅम्पिंग म्हणजे गाडीच्या डिकीत चटई.

लाकडी_साचा
चटईला एपॉक्सी लागत नाही. पुढं जाऊ द्या मला.

लाकडी_साचा
आता हवामान. श्रावणात हात घालू नका. एपॉक्सीचा हार्डनर हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि ओल ओढतो आणि वर मेणचट, चिकट साय धरते. ह्या सायीवर पुढचा थर किंवा रंग बसत नाही. खानापूरच्या पश्चिमेला गणपती होईपर्यंत कोरडा दिवसच नाही. कणकुंबीकडं तर बोलायलाच नको. दिवाळीनंतर हवा कोरडी होते, पण मार्गशीर्ष-पौषात पहाटे गारठा पडतो. एपॉक्सी मधासारखं होतं, कापडात शिरत नाही, रात्रभर कडकही होत नाही. माघ-फाल्गुन सोन्यासारखा. चैत्रात ऊन वाढतं आणि मग वळवाचा भरवसा नाही.

तोवर बसून राहायचं कारण नाही. सांगाडा, दारं, खिडक्यांची भोकं, आतली कपाटं, सगळं पावसाळ्यात होतं. प्लाय मात्र जमिनीवर टेकवू नका आणि शेणखताच्या ढिगाजवळ तर नाहीच.

शेड तापवायचं म्हणून आत चूल, शेगडी किंवा गॅसचा हीटर लावू नका. त्यातून जे निघतं ते नेमकं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड, म्हणजे सायीची सोय आपणच केल्यासारखं. हॅलोजनचे दिवे लावा.

वेळ दिवसातली कुठली? लाकडाला पहिला हात नेहमी दुपार उतरल्यावर द्या. सकाळी दिलात तर ऊन चढेल तशी लाकडातली हवा फुगते आणि ओल्या थरातून बुडबुडे काढते. उतरत्या तापमानात उलटं होतं, लाकूड रेझिन आत ओढतं.

रानवाट_खानापूर
काका, हे कुठंच वाचलं नव्हतं. आता माघातच करतो. ६ एमएम, ७१०, कापड २०० ग्रॅम, ठरलं. सांगाड्याचं काम तोवर उरकतो.

चंदगडकर
आमच्याकडं पाऊस तुमच्याहून जास्त, म्हणून विचारतो. एवढं सगळं करण्यापेक्षा जाड थर्माकोलचा डबा करून त्यावर जुनी सुती चादर फेव्हिकॉलनं चिकटवायची आणि वरून बाहेरचा रंग मारायचा, असंही लोक करतात म्हणे. वजन नाही, खर्च नाही. काय हरकत?

वास्को_नोकरी
करतात, अमेरिकेत बरेच जण करतात. कोरड्या मुलखात रंग राखला तर टिकतं. चंदगड-आंबोलीच्या पावसात रंगाला एक चीर गेली की चादर वातीसारखं पाणी ओढेल. मला धाडस वाटतं. थर्माकोल गाभा म्हणून चांगला आहे, पण लक्षात ठेवा : पॉलिस्टर रेझिन थर्माकोलवर ओतलं तर थर्माकोल डोळ्यांदेखत विरघळतो, स्टायरीनमुळं. एपॉक्सीनं काही होत नाही. थर्माकोलवर काचकापड आणि एपॉक्सी हा खरा हलका डबा. फक्त बिजागऱ्या, कडी, खिडकी जिथं येणार तिथं आत लाकडाचे ठोकळे आधीच बसवावे लागतात.

केए२२_वाला
सगळे रेझिनवर बोलताय, कागदांचं कोण बोलणार? ट्रेलर म्हणजे गाडीचं सामान नव्हे. मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये ट्रेलरची वेगळी व्याख्या आहे आणि कलम ३९ प्रमाणं नोंदणीशिवाय वाहन सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही. घरी वेल्डिंग केलेल्या चासीला नंबर मिळवणं फार अवघड. आणि आपला मुलूख असा की सकाळी केए, दुपारी एमएच, संध्याकाळी गोवा. कोगनोळीच्या नाक्याला सुटलात तर चोर्ल्याला धरतील.

रानवाट_खानापूर
चासी घरची नाही. तयार ट्रेलर बनवणाऱ्याकडून मान्यतेच्या कागदांसकट घेतोय. वरचा डबा वेगळा बांधून बोल्टनं बसवणार.

केए२२_वाला
मग निम्मं काम झालं. तरी वर डबा चढला की उंची, वजन आणि आकार बदलतो, आणि नोंदणीपुस्तकापेक्षा वेगळं काही केलं की कलम ५२ येतं. बांधून झाल्यावर नव्हे, आत्ताच रेखाचित्र घेऊन नोंदणी अधिकाऱ्यांना दाखवा. खानापूर बेळगावच्या कार्यालयाखाली, केए-२२. चिकोडीकडचे असाल तर केए-२३. तोंडी "होईल" वर विश्वास ठेवू नका, अर्ज करून लेखी घ्या.

सिस्टर_हिंदवाडी
मी त्वचारोग विभागात नर्स आहे. तुमच्या चर्चेत हातमोजे हा शब्द अजून आला नाही, म्हणून मध्ये पडते.

एपॉक्सीची ॲलर्जी पहिल्या दिवशी होत नाही. महिनोन्‌महिने उघड्या हातानं काम करणारा माणूस एक दिवस अचानक बोटांच्या बेचक्यांत खाज, पुरळ, सुजलेल्या पापण्या घेऊन येतो. एकदा शरीरानं ते ओळखलं की पुढं आयुष्यभर थोडं लागलं तरी होतं. मग ते काम सोडावंच लागतं. म्हणून नायट्राइलचे मोजे घाला. लॅटेक्सचे पातळ मोजे यासाठी बरे नाहीत. हाताला लागलं तर थिनर किंवा ॲसिटोननं पुसू नका, त्यानं ते कातडीत आणखी शिरतं. कापडानं टिपा आणि भरपूर साबणानं धुवा.

घासताना काचेची धूळ उडते. एन-९५ धुळीला चालतो, वासाला नाही. पॉलिस्टरच्या वासाला कोळशाच्या डबीचा मास्क लागतो. अंगाला कूस लागल्यासारखी खाज सुटली तर आधी गार पाण्यानं धुवा, न चोळता. आणि ते कपडे घरच्या धुण्यात टाकू नका. घरच्या बाईला दोन दिवस कळत नाही, सगळ्यांना खाज कशानं सुटली.

फायबर_अनगोळ
ताई, आमच्यात मोजे कोण घालतंय. पण पापण्यांचं बोललात ते खरं हाय, आमच्या एका पोराला झालतं. आता त्याला बाहेरचं काम देतोय.

अजून एक माझ्याकडनं, पॉलिस्टर वापरणाऱ्यांना : कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधी घालू नका. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण कालवा, मग हार्डनर. दोन्ही एका वाटीत पडले तर पेट घेतंय. बाटल्यासुद्धा एका फळीवर ठेवू नका.

लाकडी_साचा
हे बाकी लाख मोलाचं बोललात.

रानवाट_खानापूर
मंडळी, माघ लागला. डबा उभा आहे, आरटीओत अर्ज दिलाय. टाकाऊ प्लायच्या तुकड्यावर एपॉक्सी लावून बघितलं. दुसऱ्या दिवशी कडक झालं, पण वरून हाताला चिकट लागतंय. प्रमाण काट्यावर मोजलं होतं. आता?

लाकडी_साचा
दोन शक्यता, आणि ओळखायला सोपं. कोमट पाण्यानं हिरव्या घासणीनं घासा. चिकटपणा गेला तर ती साय होती. नख रुतत असेल तर मात्र प्रमाण चुकलं किंवा कालवणं अपुरं पडलं, मग तो भाग खरवडून काढायचा. वर नुसता हार्डनर फासून काही होत नाही.

साय असली तरी आधी पाणी, मग कागद. थेट सँडपेपर लावलात तर मेण सगळीकडं पसरतं. आणि कालवताना मग्याच्या कडा आणि तळ खरवडून घ्या, दोन-तीन मिनिटं तरी ढवळा, मग दुसऱ्या स्वच्छ मग्यात ओतून पुन्हा ढवळा. पहिल्या मग्याच्या कडेला न मिसळलेलं राहतं आणि शेवटी तेच ओघळून येतं.

रानवाट_खानापूर
पाण्यानं गेलं. साय होती. शेडचं दार रात्री उघडं होतं आणि पहाटे दव पडलं होतं. आता कापड लावायचं आहे. कोपऱ्यांना ते वळेना, सोडलं की उठतं.

लाकडी_साचा
कोपरा धारदार असेल तर काच वळणार नाही, कितीही दाबा. बाहेरच्या सगळ्या कडा किमान पाव इंच गोल करा. आतल्या कोपऱ्यात लाकडाचं पीठ घातलेल्या एपॉक्सीचं फिलेट, म्हणजे कोपरा गोल करणारं भरण, भरा, घट्ट चटणीएवढं, आणि गोल टोकाच्या काठीनं ओढून घ्या. पॅटर्नवाल्याला फिलेटचं महत्त्व सांगावं लागत नाही. तिथं आमचा पगार होता. सुतारकामाचा भुसा चाळून घेतलात तरी चालतो, पण तो मरीन प्लायचा नको, त्यात गोंद असतो.

कापड आधी कोरडंच अंथरा, हातानं सुरकुत्या काढा, मग मधे ओतून रबरी पट्टीनं कडेकडं सारत जा. ब्रशनं ठोकत बसलात तर फेस होतो. छपराचं कापड बाजूवर दोन इंच उतरवा. मीटर रुंदीचंच मिळालं तर छपरावर आडवं टाका, मागून पुढं येत, वरचा जोड खालच्यावर चढवत, कौलांसारखं. जास्तीचं रेझिन पट्टीनं ओढून काढून टाका. ताकद काचेत आहे, साचलेलं रेझिन नुसतं वजन.

वीण बुजवायचे दोन हात पहिला थर अजून किंचित चिकट असतानाच द्या. मग मध्ये घासावं लागत नाही, थर एकमेकांना रासायनिकदृष्ट्याच धरतात. रात्र उलटली आणि पक्कं झालं तर धुऊन, ८० नंबरनं घासून मगच पुढं.

वास्को_नोकरी
काकांच्या सांगण्यात एक भर. शेवटी ओल्या कापडावर नायलॉनचं साधं अस्तर अंथरून पट्टीनं दाबा आणि दुसऱ्या दिवशी ओढून काढा. खालचा पृष्ठभाग सपाट आणि खरखरीत मिळतो, साय अस्तराबरोबर निघते, घासणं निम्मं होतं. अस्तरावर मेणाचं किंवा प्लॅस्टिकचं फिनिशिंग नको. आधी तुकड्यावर ओढून बघा.

रानवाट_खानापूर
छप्पर आणि एक बाजू झाली. घराच्या कपड्यांच्या पेटीतलं अस्तर वापरलं, त्यावरून वहिनी आठवडाभर बोलणार आहेत. छान निघालं. खिडकीचं रबर आणि दिव्यांचे स्क्रू आता थेट मारू का?

वास्को_नोकरी
थांबा! ट्रेलर कुजतो तो इथूनच, छपरातून नव्हे. प्रत्येक स्क्रूचं भोक आधी दुप्पट मोठं पाडा, एपॉक्सीनं ठासून भरा, घट्ट झालं की त्याच्या मधोमध नेमकं भोक पाडा. मग स्क्रू प्लायला लागतच नाही. खिडकीच्या कापलेल्या कडांना दोन-तीन हात पाजा. कडेचा प्लाय तोंड उघडून बसलेला असतो, पहिला हात लगेच पिऊन टाकतो. छपराच्या हवेच्या झरोक्यालाही हेच. आणि झरोका घालाच, दोघांच्या श्वासानं बंद डब्यात रात्रभर भिंतींवर पाणी धरतं.

रानवाट_खानापूर
हे बरं सांगितलंत, ड्रिल हातात होतं. रंग गडद निळा ठरवलाय, बायकोची पसंती.

लाकडी_साचा
पांढरा किंवा फिक्का. खोलीच्या तापमानाला घट्ट झालेलं एपॉक्सी साधारण ५०-६० अंशांच्या पुढं मऊ पडायला लागतं. वैशाखात गडद पृष्ठभाग उन्हात ७० च्या वर जातो. मग कापडाची वीण रंगातून उमटते. निळा पट्टा काढा खाली, तेवढी तडजोड करा. आणि रंग दोन भागांचा पीयू (पॉलियुरेथेन) असू दे, गाड्यांना मारतात तो. एपॉक्सी उन्हानं पिवळं पडून खडूसारखं होतं, उघडं ठेवायचं नाही. एपॉक्सीवर पॉलिस्टरचा जेलकोट मात्र मारू नका, नीट सुकत नाही आणि धरतही नाही.

हिडकल_बॅकवॉटर
निळ्या पट्ट्यासाठी माझं एक मत. तयार झाला की हिडकल धरणाच्या काठाला या, पाण्याजवळ सपाट जागा आहे, आधी गावात विचारून. भीमगडच्या जंगलात मात्र परवानगीशिवाय थांबू नका, ते अभयारण्य आहे.

निपाणी_नाका
डिकीतली चटईसुद्धा येईल.

रानवाट_खानापूर
पांढरा आणि निळा पट्टा, घरात मंजूर. आता फक्त चाकांवरचे मडगार्ड राहिले. प्लायचे केले तर दगडांनी फुटतील, पत्र्याचे गंजतील. अनगोळचे दादा, मडगार्ड म्हणजे पूर्ण फायबरची वस्तू ना? मग मॅट आणि पॉलिस्टर चालेल?

फायबर_अनगोळ
चालंल म्हणजे? तेच पाहिजे की तिथं. ४५० चे तीन थर, आतनं जरा जाड, दगड लागला तरी उडून जाईल. डब्याच्या एपॉक्सीला चिकटवू नका, बोल्टनं बसवा, मधे रबराची पट्टी घाला. चाक किती इंची हाय ते कळवा. १२ असलं तर माझ्याकडं साचा तयार हाय, ह्याच आठवड्यात काढून देतो. १३ असलं तर नवा साचा करावा लागंल, मग पाडव्यानंतरच या.